या सुट्टीत पाहुणे आहेत

२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तू म्हणशील, सुट्टी जवळ आली तशी बरी ताई आठवली. म्हण. शाळेच्या बसच्या ड्रायव्हरला वर्षातून दोनदाच माणसात यायला मिळतं, एकदा एप्रिलात आणि एकदा ऑक्टोबरात. बाकीचं वर्ष मी म्हणजे एक हॉर्न आणि चौतीस डब्यांचा मिळून एक वास.

शाळा १० एप्रिलला बंद होते. ११ची सकाळची गाडी आणि १९ची परतीची, अशी चौघांची तिकिटं मी जानेवारीतच काढून ठेवली. सुट्टी जाहीर झाली की तीच गाडी, तीच फाटकी सीट, आणि भाडं दुप्पट. आता ही तिकिटं परत होत नाहीत आणि बदलतही नाहीत, तेव्हा तुला नाही म्हणायची सोयच ठेवलेली नाही. हिनं औषधांच्या कारखान्यात तीन महिने दुसऱ्यांच्या रविवारच्या पाळ्या केल्या, तेव्हा कुठे पॅकिंगच्या मुकादम बाईंनी आठ दिवस रजा दिली. मला रजा मागावी लागत नाही. गाडी उभी की माझा पगारही उभा.

एक गंमत सांगतो. चिंगी माझ्याच बसमधून जाते, माझ्या मागच्या सीटवर. बसमध्ये सध्या एकच विषय, कोण कुठे जाणार. कोणी विमानानं, कोणी जहाजानं. चिंगी दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आमचं तळ्याकाठी घर आहे. वरच्या खोलीतून सूर्य पाण्यात बुडताना दिसतो." सगळी बस चिडीचूप! पंपाच्या स्टॉपवरची एक मुलगी आहे (मी पोरांना स्टॉपवरूनच ओळखतो), तिनं तर पत्ताच वहीत लिहून घेतला. ताई, मी गिअर बदलायला विसरलो, इतकं बरं वाटलं.

वरची खोली उघडून ठेव. बारक्या सहा वर्षांचा झाला, यंदा त्याला पाण्यात ढकलायचाच आहे. भाऊजींना नमस्कार. त्यांचा फोटो स्टुडिओ कसा चाललाय?

तुझा
गुंड्या


११ मार्च

चि. गुंड्या,

पत्र मिळालं. आम्ही बरे आहोत. स्टुडिओचं काय, चाललंय.

या सुट्टीत पाहुणे आहेत. वरची खोली मोकळी नाही, खालच्याही नाहीत. तुम्ही सुट्टी संपल्यावर या ना. तेव्हा इथे कुत्रंही नसतं, आणि तळं तेच असतं. तिकिटं विचारून काढायची होतीस. तुझं हे पहिल्यापासून असंच आहे, आधी उडी मारायची आणि मग पाणी किती आहे ते विचारायचं.

आणि चिंगीला सांग, घराच्या गप्पा चारचौघांत मारू नयेत.

पाठीला तेल लावतोस का? दिवसभर सीटवर बसून तुझी कंबर धरते, ते अंगावर काढू नकोस.

ताई


१६ मार्च

प्रिय ताई,

पाहुणे आहेत तर आहेत! आम्हाला कधीपासून पाहुण्यांची भीती? भाऊजींची धाकटी बहीण येतेय ना चारही पोरांना घेऊन? मी लगेच ओळखलं. मागच्या वेळी तिच्या नवऱ्यानं सगळा वेळ वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं होतं. या वेळी मी त्याला पत्ते खेळायला बसवतो की नाही बघ.

तू अजिबात घाबरू नकोस. आम्ही बैठकीत पथारी टाकू. ही तुझ्याबरोबर स्वयंपाकघरात उभी राहील, पाणी भरायचं काम माझं, आणि एवढ्या पोरांना एका ओळीत बसवायचं तर माझा धंदाच आहे. तुला बसल्या जागी चहा मिळेल. आठ माणसांचं तू एकटीनं करायचं आणि आम्ही इकडे आरामात बसायचं, हे मला पटत नाही.

सुट्टी संपल्यावर या म्हणतेस, तेव्हा मी जरा हसलो. अगं, सुट्टी संपली की पोरं शाळेत जातात, आणि त्यांना शाळेत नेतो कोण?

११ला दुपारी पोचतो. पाहुण्यांना सांगून ठेव, गुंड्या येतोय म्हणून.

तुझा
गुंड्या


७ एप्रिल

गुंड्या,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. रोज लिहायला बसते आणि उठते. दोनदा पोस्टात जाऊन तुमच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला, कोणी उचलला नाही.

येऊ नकोस. पाहुणे तू समजतोस तसे नाहीत. कडक आहेत. घरात दुसरं कोणी असलेलं त्यांना चालत नाही, तसं आधीच ठरलं आहे. तिकिटं वाया गेली तर जाऊ देत. बाकीचं मी नंतर सविस्तर लिहीन. सध्या एवढं ऐक.

ताई


१५ एप्रिल

ताई,

प्रिय लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतंच ताई.

तुझं सात तारखेचं पत्र आम्ही परत आलो तेव्हा दाराखाली सापडलं. म्हणजे तू कळवलं होतंस, हे मान्य. पण कळवलंस काय? पाहुणे आहेत. पाहुणे कडक आहेत. फाटकावरची पाटी वाचेपर्यंत मला पाहुणे या शब्दाचा अर्थ कळला नव्हता. 'खोल्या भाड्याने मिळतील.' अक्षर भाऊजींचं. म्हणजे स्टुडिओ गेला, त्यांच्या हातात पाट्या रंगवणं आलं, आणि तू मला लिहितेस, चाललंय. एका ओळीत खरं सांगितलं असतंस तर मी चारही तिकिटं फाडली असती आणि पोरांना घेऊन घरात बसलो असतो. कोणी मेलं नसतं.

त्या दुपारी तू तिथेच होतीस, पण माझ्याकडे बघत नव्हतीस. म्हणून मला काय दिसलं ते लिहितो.

आम्ही फाटकात पोचलो आणि मागोमाग ती मोठी मोटार आली. दार उघडून पहिली उतरली ती पंपाच्या स्टॉपवरची मुलगी. "ड्रायव्हरकाका!" म्हणून ओरडली. पोरीला खरंच आनंद झाला होता, तिचा काही दोष नाही. चिंगीनं घराचं इतकं रसभरीत वर्णन केलं, पत्ता दिला, त्या लोकांनी तुला लिहून खोल्या घेतल्या. आपल्याच पोरीनं गिऱ्हाईक आणून दिलं म्हण. तिची आई उतरली. तिनं मला आधी खालून वर पाहिलं, मग आमच्या पिशव्या पाहिल्या, आणि तुला विचारलं, "हे तुमच्याकडे काम करतात का, सुट्टीत?"

तू म्हणालीस, "हो."

मी वाट बघत होतो, तू पुढे काहीतरी बोलशील. तू किल्ल्यांचा जुडगा चाचपत राहिलीस. तेवढ्यात मुलीच्या वडिलांनी मोटारीची डिकी उघडली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या हातांनी मला विचारलं नाही, ताई. वीस वर्षं दुसऱ्यांची दप्तरं उचलतायत ते. मी दोन बॅगा घेतल्या आणि जिना चढलो. वरच्या खोलीत माझी पुस्तकं असायची त्या फळीवर आता इवले इवले साबण मांडलेत. छान दिसतात. खाली उतरलो तर त्यांनी माझ्या हातात एक नोट ठेवली, आणि मी ती घेतली. घेतली नसती तर तू खोटी पडली असतीस.

मग तू आम्हाला मागच्या दारानं सामानाच्या खोलीत नेलंस, पोरांना अंगणात येऊ देऊ नका म्हणालीस, आणि चहा करायला गेलीस. तेव्हा मी नळावर बादली भरत होतो. भिंतीपलीकडे ती मुलगी चिंगीला म्हणत होती, "पण तू तर म्हणाली होतीस हे तुमचं घर आहे." आपली चिंगी काय म्हणाली माहीत आहे? "नाही गं, मी गंमत केली होती. माझे बाबा इथे कामाला येतात."

तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. बारा वर्षांची पोर. तुझ्या तोंडून 'हो' निघालेलं तिनं ऐकलं होतं, आणि तिनं तुझी लाज राखली. स्वतःची घालवून.

सकाळी पहिल्या गाडीनं आम्ही निघालो. आमची परतीची तिकिटं १९ची. कंडक्टरनं दया म्हणून आत घेतलं. पाच तास उभ्यानं आलो, पोरं पिशव्यांवर बसली. बारक्या विचारत होता, सुट्टी संपली का?   हिचे तीन महिन्यांचे रविवार गेलेत.

बाबा गेल्यावर घर तुझ्या नावावर करायच्या कागदावर मी सही केली, तेव्हा तू म्हणाली होतीस, घर माझं असलं तरी सुट्टी तुमचीच. मी ते लिहून घेतलं नाही. बहिणीकडून कोणी लिहून घेतं का?

गुंड्या


२७ एप्रिल

गुंड्या,

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. मग मोटारपंपाच्या खोलीत जाऊन एकटीनं दोनदा वाचलं.

चिंगी काय बोलली ते मला माहीत नव्हतं. त्यावर मी काही लिहीत नाही. लिहायला तोंड नाही.

पण बाकीच्यावर लिहिणार आहे, आणि तू ते शेवटपर्यंत वाचायचं आहेस.

स्टुडिओ बंद होऊन दोन वर्षं झाली. तुम्ही त्यानंतर तीनदा येऊन राहून गेलात. हे भरदुपारी घरात बसलेले तुला दिसत होते. तू एकदाही विचारलं नाहीस. तुला सुट्टी होती, तुला वाटलं असेल त्यांनाही असेल. या हिवाळ्यापासून आम्ही खोल्या द्यायला लागलो. वर्षातले दहा-अकरा महिने इथे कोणी फिरकत नाही. शाळा बंद झाल्या की मात्र लोक तिप्पट भाडं देऊन येतात, कारण त्यांनाही पोरांना घेऊन तेव्हाच निघता येतं. ते चडफडतात, पण देतात. त्या दोन पंधरवड्यांवर आमचं वर्ष उभं आहे. नेमके तेच दोन पंधरवडे तुझे. मी काय करायला हवं होतं, तूच सांग.

तुला पाहुणे म्हणून लिहिलं, कारण इथे सगळे तसंच म्हणतात. तळ्याकाठच्या प्रत्येक घरात हाच शब्द आहे, भाडेकरू कोणी म्हणत नाही. आणि खरं सांगायचं तर, तुझा गैरसमज होईल हे मला लिहितानाच कळत होतं. झाला तर बरं, असंही वाटलं. आईबाबांच्या घरात मी बाजार मांडलाय हे तुला सांगायची लाज वाटत होती. आणि भीती होती की तू म्हणशील, मग माझा वाटा?

आता त्या 'हो'विषयी. त्या लोकांनी दहा दिवसांसाठी सगळं घर घेतलं होतं, घरात दुसरं कोणी नको या बोलीवर. हा माझा भाऊ आहे म्हटलं असतं तर बाईंनी मोटार तशीच वळवली असती. एका श्वासात हे सगळं डोक्यात येऊन गेलं आणि हो तोंडातून निघालं. दुसऱ्या श्वासाला ते मागे घेता आलं असतं. मी घेतलं नाही. पहिल्या श्वासाची मी माफी मागत नाही. दुसऱ्याची मागते.

आणि आता माझं ऐक. अंथरुणाला खिळलेल्या बाबांचं नऊ वर्षं मी केलं. तू सुट्टीत यायचास. तू दारात दिसलास की बाबा हसायचे. माझ्याकडे बघून पाणी मागायचे. तू सुट्टीपुरता मुलगा होतास, गुंड्या, आणि मी बारमाही. ते गेल्यावरही तसंच चाललं. तुम्ही चौघं येणार, गाद्या, चहा, ओले कपडे, पुन्हा चहा. तुझी बायको हातभार लावते, ते मी कधी नाकारणार नाही. पण संध्याकाळी तुम्ही सगळे तळ्यावर जायचात आणि मी आत असायचे. ताई चल, असं तू किती वेळा म्हणालास? एकदा बारक्या म्हणाला होता. तेव्हा तू त्याला म्हणालास, आत्याला कामं आहेत.

तुमची सुट्टी म्हणजे माझी पाळी असायची. फरक एवढाच, की आता जे येतात ते जाताना हिशोब चुकता करतात आणि मला खूश आहेस ना असं विचारत नाहीत.

मला मूल नाही. शाळेची सुट्टी हा शब्द आमच्या घरात आला तो तुझ्या मुलांमुळे. चिंगी अंगणात आली की माझ्या पोटात काय होतं ते तुला कळणार नाही. म्हणून म्हणते, तिच्याबद्दल मला काही लिहिता येत नाही.

ताई


१४ मे

ताई,

तुझं पत्र दोन आठवडे शर्टाच्या खिशात घालून फिरतोय. घामानं शाई पसरली, पण पाठ झालंय.

तू लिहिलंस ते खरं आहे. स्टुडिओचं तर हिनं मला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, अहो भाऊजी घरीच दिसतात. मी म्हणालो, विचारू नकोस, त्यांना वाईट वाटेल. आता कळतं, वाईट मलाच वाटून घ्यायचं नव्हतं. विचारलं असतं तर आपली सुट्टी कडू झाली असती, एवढंच होतं त्यात. आणि ताई चल असं मी म्हटलं नाही, कारण ते सुचलंच नाही. मुद्दाम केलं असतं तर बरं, हे जास्त वाईट आहे.

वाट्याचं लिहिलंस ते मात्र लागलं. मी सही करताना कागद वाचलासुद्धा नव्हता.

शाळा सुरू झाली. चिंगी बसमधून येत नाही. चालत जाते, पाऊण तास. मी बस घेऊन तिच्या शेजारून जातो. ती मान वळवत नाही आणि मी हॉर्न वाजवत नाही. बस गच्च भरलेली असते, माझ्या मागची सीट रिकामी. पहिल्या दिवशी पंपाच्या स्टॉपवरची मुलगी तिथे बसायला आली, तर तिला म्हणालो, बाळ, ती सीट मोडली आहे. आता सगळ्या पोरांना वाटतं ती मोडलेली आहे.

चिंगीला काही लिहायचं असेल तर लिही. तिच्या नावानं. मी उघडणार नाही.

गुंड्या


१८ सप्टेंबर

प्रिय गुंड्या,

चिंगीला तीन पत्रं पाठवली. उत्तर नाही. पहिल्यात नुसती माफी होती. दुसऱ्यात कारणं लिहिली, ती तिसऱ्यात मागे घेतली. पोरीला कारणांशी काय करायचंय?

ऑक्टोबरची सुट्टी आली. वरची खोली मी कोणाला दिलेली नाही. पाचजण विचारून गेले. हे चिडले, मी ऐकलं नाही. १२ ते २०, पूर्ण तुमच्यासाठी ठेवली आहे. खालच्या दोन खोल्यांत पाहुणे असतील, ते मात्र टाळता येणार नाही, पण त्यांना मी आधीच लिहून कळवलं आहे की घरात माझा भाऊ, वहिनी आणि भाचरं असणार आहेत. पटलं तर या, नाहीतर दुसरं घर बघा. एकानं रद्द केलं. करू दे, ती जागा लगेच भरली.

तुमच्या मागे लागून तळ्यावर येणार आहे मी या वेळी. सांगून ठेवते. बारक्याला पाण्यात कोण ढकलतं ते बघूच.

या, गुंड्या. वहिनीला माझ्या वतीनं सांग. तिला सांगायचा मला हक्क नाही, म्हणून तुला सांगते.

तुझी
ताई


१ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुझी तिन्ही पत्रं चिंगीनं वाचली आहेत. कप्प्यात नीट ठेवली आहेत. मी काल समोर बसवून विचारलं. म्हणाली, "आत्याला सांगा, मी रागावलेली नाही. पण मला तिथे जायचं नाही."

रागावली असती तर मी समजूत घातली असती. बसमध्ये मी रोज दहा भांडणं मिटवतो. हे कसं मिटवायचं ते मला येत नाही. हिला विचारलं, तर म्हणाली, पोरीला ओढत नेऊन तिच्याकडून मजा करवून घ्यायची का?

आणखी एक. आमचा ठेकेदार यंदापासून सुट्टीत बस सहलीवाल्यांना देणार आहे. ड्रायव्हर तोच. वीस वर्षांत पहिल्यांदा मला सुट्टीचा पगार मिळेल. लोकांच्या पोरांना फिरवायचं, आपली घरी ठेवून. मी हो म्हटलं. हिनंही पाळ्या घेतल्या आहेत. चिंगी म्हणते, ती बारक्याला सांभाळेल. ते दोघं घरातच असतील, दार आतून लावून. चिंगीनं त्याच्यासाठी नऊ दिवसांचं वेळापत्रक केलंय, भिंतीवर लावलंय. त्यात एके ठिकाणी 'पोहणे' आहे. मी विचारलं, ते कुठे? तर म्हणाली, बादलीत पाय.

खोली अडवून ठेवू नकोस. देऊन टाक. ऐन हंगाम आहे, चांगले पैसे येतील. टोमणा मारत नाही, खरंच सांगतो. तुमचं वर्ष त्यावर आहे.

भाऊजींना नमस्कार.

गुंड्या


२४ ऑक्टोबर

प्रिय गुंड्या,

मी खोली दिली नाही.

तुझं पत्र वेळेवर मिळालं होतं, पोस्टावर ढकलायला जागा नाही. तरी ठेवली. वाटलं, हा नाही म्हणतो आणि येतो. अकरा तारखेला गाद्या उन्हात घातल्या. चार चादरी, चार उशा. साबण काढून ठेवले त्या फळीवरचे. दोन दिवस गाडीच्या वेळेला फाटकापर्यंत जाऊन आले. हे खिडकीतून बघत होते.

चौथ्या दिवशी दुपारी एक कुटुंब आलं. नवरा, बायको, दोन मुली. धाकटी आईच्या खांद्यावर झोपलेली. सकाळपासून दारोदार फिरत होते, कुठेच जागा नव्हती. मोठी मुलगी चिंगीएवढी असेल. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता, ती पाय ओढत चालत होती. ते म्हणाले, असेल ते भाडं सांगा, मुलींची सुट्टी फुकट चाललीय. मी म्हणाले, जागा नाही. त्यांनी वरच्या खोलीकडे बोट दाखवलं. मी म्हणाले, ती माझ्या भावाची खोली आहे.

"ते आहेत का आत?"

"नाही."

"मग येणार आहेत का?"

मी म्हणाले, हो, वाटेत आहेत. ती माणसं सामान उचलून निघाली. मोठीनं जाताना मागे वळून वरच्या खिडकीकडे पाहिलं. संध्याकाळी ती मला गाडी थांबते त्या धक्क्याच्या पायरीवर दिसली, चौघं सामानावर बसून शेवटच्या गाडीची वाट बघत होती. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं, जाऊन त्यांना घेऊन या. हे गेले, तोवर गाडी सुटली होती.

त्या रागात ह्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. धरतील नाहीतर काय? येणाऱ्या पोरींना हाकलून मी न येणाऱ्या पोरांसाठी खोली राखली.

एक दिवस मग मीच वर जाऊन पडले. माझा सगळा जन्म या घरात गेला, लग्न होऊनसुद्धा, पण त्या पलंगावर मी कधी आडवी झाले नव्हते. आधी ती तुझी अभ्यासाची खोली, मग तुम्हा चौघांची, मग पाहुण्यांची. तासभर पडले होते. कोणी हाक मारली नाही. कोणाला काही नको होतं. मला वाटलं होतं बरं वाटेल. रडू आलं, तेही धड आलं नाही.

वीस तारखेला चादरी काढल्या. कोणी अंग टेकलं नव्हतं, चारही कोऱ्या होत्या. तरी धुतल्या, कारण २० तारखेला धुवायच्या असतात.

आता पुढच्या एप्रिलचं. ह्यांना मी शब्द दिला आहे की विचारल्याशिवाय खोली रिकामी ठेवणार नाही. तेव्हा तुम्ही येणार असाल तर फेब्रुवारीच्या आत कळव. चिंगीला विचारून कळव, तिला विचारल्याशिवाय नको. मार्चपासून लोक लिहायला लागतात, आणि मग मी तुला नाही म्हणेन.

ताई